नखावरचं माप

"पुन्हा सोळा स्क्रू? अहो ताई, पाच महिन्यांमागं दिले की मोजून. खाल्लेत का काय?"

"आतच आहेत मामा, जिथल्या तिथं. पण आवळताना माझाच जोर जास्त झाला वाटतं, म्हणून सगळे बदलून घेते. चारातली एक डिस्क गेली."

"गेली म्हणजे? आवाज करते का?"

"करत होती. आता तेही नाही."

"आणि बाकीच्या तिघी?"

"दोघी धडधाकट आहेत. तिसरी मधेच टकटक करते आणि गप्प होते. म्हाताऱ्या माणसानं दारात यावं आणि कशाला आलो तेच विसरावं, तसं चाललंय तिचं."

आटेमामा एरवी अशा बोलण्याला दाद देणारा माणूस. आज हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा पसारा कोपरानं बाजूला सारला आणि ताईनं चादरीत गुंडाळून आणलेली पेटी दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली ठेवली. पेटी म्हणजे लोखंडी पत्र्याची, पावाच्या मोठ्या लादीएवढी, पुढून चार खण असलेली. खणात एकेक ट्रे सरकतो, ट्रेवर एकेक हार्ड डिस्क चार स्क्रूंनी बसवलेली असते. पेटी घरात एका कोपऱ्यात ठेवायची, वायर जोडायची, की घरातले सगळे कॉम्प्युटर आपापलं गाठोडं तिच्यात आणून टाकतात. हिची रीत अशी, की चारातली एक डिस्क मेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सांगू शकतात. दोन मेल्या, की मग कुणीच काही सांगत नाही.

म्हणजे आता सगळा भार त्या टकटक करणाऱ्या तिसरीवर.

आणि भार कसला, तर नऊशे माणसांच्या पायांचा. ताईचे वडील कृत्रिम पाय बनवायचे. चाळीस वर्षं तेच केलं. लोक त्यांना पायवाले म्हणत, आणि ते गेल्यावर तीच पाटी हिच्या गळ्यात पडली. ही झाली पायवाली. कापल्यावर उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ती वाटी म्हणजे सगळा खेळ. ती केसभर चुकली तर माणसाच्या कातडीचं सालटं निघतं. उरलेला पाय दरवर्षी बदलतो, सुकतो, फुगतो, पोराचा असला तर वाढतो. म्हणून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा पायवाले जपून ठेवायचे. दोन खोल्या भरून साचे होते, पांढरे, नुसते गुडघे आणि मांड्या. वडील गेल्यावर हिनं वर्षभर बसून एकेक साचा कॅमेऱ्याच्या यंत्राखाली फिरवला, त्याचं माप या पेटीत उतरवलं आणि मग हातोडा घेऊन स्वतः सगळे साचे फोडले. माणसांना चालायला शिकवायला जागा लागत होती. चुकीचं काही केलं नाही. पण आता नऊशे माणसांचे पाय जगात एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण मामांच्या टेबलावर होतं.

दुकान जिन्याखालचं. उभं राहून दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागतात. भिंतीला फळ्या, फळ्यांवर औषधाच्या रिकाम्या बरण्या, आणि बरण्यांत स्क्रू. बाकी काही नाही. आटे म्हणजे स्क्रूच्या अंगावरचे वळसे. ते ओळखण्यात या माणसाचा हात कुणी धरत नसे, म्हणून आटेमामा. तरुणपणी शिलाई मशीनचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आटे पाडायच्या यंत्रावर बावीस वर्षं उभे होते. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा बरोबरीचे कुणी पहारेकरी झाले, कुणी घरी बसले. हे मोडके कॉम्प्युटर गोळा करायला लागले. त्या धंद्यातली बाकीची मंडळी आतलं तांबं काढायची, सोन्याचा मुलामा असलेल्या पट्ट्या काढायची, उरलेलं फेकून द्यायची. हे त्या फेकलेल्यातले स्क्रू वेचायचे. "सोनं सोडून खिळे गोळा करणारा हा एकच येडा," असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे लोक. मग हळूहळू त्याच लोकांचं एका स्क्रूवाचून काम अडायला लागलं, आणि येडा शब्द मागं पडून मामा शब्द पुढं आला.

त्यांची मापाची तऱ्हाही त्यांचीच. दुकानात पट्टी नव्हती. स्क्रू डाव्या अंगठ्याच्या नखावर आडवा टाकायचा, डोकं नखाच्या मुळाशी टेकवायचं. टोक नखावरच्या पांढऱ्या चंद्राच्या कडेला आलं की पाच मिलीमीटर. नखाच्या मध्यावर आलं की आठ. शेंड्याला आलं की बारा. एका दमात शंभर स्क्रू निवडायचे, तोंडानं गप्पा चालू. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पट्टी हरवते. नख कुठं जातंय?"

ट्रे बाहेर काढून त्यांनी मेलेल्या डिस्कचे चार स्क्रू सोडवले. हे स्क्रू बसक्या डोक्याचे असतात. घुमटासारखं डोकं असलं तर ट्रे खणात सरकतच नाही, अडतो. बसकं डोकं असल्यामुळं स्क्रू टेबलावरच्या काचेवर उलटा, डोक्यावर उभा राहतो. मामांनी चारी उभे केले. चारातला एक ठेंगणा होता. तीन उंच होते.

त्यांनी दिवा आणखी खाली ओढला.

तिसऱ्या डिस्कचे काढले. दोन ठेंगणे, दोन उंच. पुढच्या धडधाकट डिस्कमध्ये एक उंच. शेवटचीत सगळे ठेंगणे. काचेवर सोळा स्क्रू डोक्यावर उभे, आणि त्यातले सहा शाळेच्या रांगेत नापास होऊन मागं राहिलेल्या थोराड पोरांसारखे वर निघालेले.

मामांनी एक उंच स्क्रू उचलला आणि नखावर टाकला. टोक बरोबर चंद्राच्या कडेला. पाच मिलीमीटर. मग ठेंगणा टाकला. तो कमी पडला.

मग त्यांनी मेलेली डिस्क उचलून तिच्या भोकात टॉर्च धरला. या भोकांच्या तळाला धातूचा पातळ पापुद्रा असतो, आणि त्याच्यापलीकडं डिस्कचा जीव. तळाशी नवी चकाकी दिसत होती. पापुद्रा आतल्या बाजूला फुगला होता. तिथवर पोचायला स्क्रू सात मिलीमीटरचा लागतो.

गेल्या वर्षी लोखंडी फडताळ सरकवताना त्यांचा हा अंगठा सापडला होता. नख काळं पडलं, महिन्याभरानं गळून पडलं. नवं यायला अर्धं वर्ष गेलं. आलं तेही शिंपल्यासारखं जाड आलं, पण आलं म्हणून मामा खूश होते. तेवढे सहा महिने त्यांनी नवा माल निवडलाच नव्हता, जुन्या बरण्यांवर भागवलं होतं. नख पुरतं उगवल्यावर पहिल्यांदा जो ढीग त्यांनी निवडला आणि जुन्या बरणीत ओतला, त्याच बरणीतनं हे सोळा स्क्रू ताईला गेले होते. नव्या नखावरचा चंद्र जुन्यापेक्षा दोन मिलीमीटर मोठा उगवला होता. इतक्या दिवसांत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःचं नख कोण मोजतं?

"दिसलं ना?" ताई म्हणाली. ती पलीकडच्या स्टुलावर बसून त्यांच्या हाताकडं बघत होती. "मीच आवळले. माझा हात जड आहे मामा. दिवसभर वाट्यांच्या कडा कापायच्या, पट्टे ओढायचे. नाजूक कामाला बसलं तरी हात तोच राहतो. बाबा असते तर हातच लावू दिला नसता."

मामांच्या तोंडून "हं" असं निघालं.

एवढंच. पण त्या "हं"चा अर्थ ताईनं तिच्या बाजूनं लावला, आणि तो तसा लागू दिला हे मामांना तिथल्या तिथं कळलं.

"नवी डिस्क घेऊन या," ते म्हणाले. "मेलीच्याच मापाची. तासाभरानं या. मी तोवर स्क्रूचं बघतो."

ती गेली. मामा तसेच बसून राहिले, अंगठा मुठीत घेऊन.

थोड्या वेळानं घरची आली. ती पलीकडच्या गल्लीत छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायची आणि दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन इकडं यायची. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून जेवायची. आज तिनं डबा उघडला आणि यांचा हात पुढं येईना.

"काय झालं? पोटात दुखतंय?"

मामांनी अंगठा पुढं केला. मग काचेवरचे स्क्रू दाखवले. मग सगळं सांगितलं. तिनं घास चावता चावता ऐकलं.

"तिला सांगितलंत?"

"ती म्हणते, तिनंच जोरात आवळले."

"मग बरंच झालं की तुमचं."

"तसं नको बोलू."

"मी कुठं बोलते? तुम्हीच बोलत नाही." तिनं पाण्याचा घोट घेतला. "त्या बरणीतनं अजून कुणाकुणाला दिलेत?"

हे मामांच्या मनात आलंच नव्हतं. ते आठवायला लागले, बोटं मोजायला लागले आणि दुसऱ्या हातावर गेले.

"अहो, मी दोऱ्याचा टाका चुकवला तर मालक पान फाडून माझ्यापुढं ठेवतो," ती म्हणाली. "तुमच्यापुढं कोण ठेवणार? तुम्हालाच मामा म्हणतात सगळे." डबा झाकून तिनं त्यांच्याकडं सरकवला. "खा आधी. रिकाम्या पोटी माणूस अर्धंच खरं बोलतो."

ताई परत आली तेव्हा मामांनी तिला बसूही दिलं नाही.

"तुम्ही आवळलेत त्यानं काही झालं नाही," ते म्हणाले. "स्क्रूच लांब होते. सहा. मी लांब दिले."

ताईनं नवी डिस्क टेबलावर ठेवली.

"लांब म्हणजे?"

"दोन मिलीमीटरनं. आतल्या पापुद्र्याला जाऊन टेकले. एक मेली ती त्यानंच. टकटक करणारीत दोन होते. मघाशी तुम्ही बोललात तेव्हाच मला दिसलं होतं. बोललो नाही."

"तुम्ही तर मोजून देता."

मामांनी नखाची सगळी हकिकत सांगितली. सांगताना ती त्यांची त्यांनाच पोरकट वाटली. तीस वर्षं ज्याच्यावर मिरवलं ते असं चार वाक्यांत सांगून संपतं.

ताईनं काचेवरचा एक उंच स्क्रू उचलून बोटांत फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "दोन मिलीमीटर. माझ्याकडं वाटी दोन मिलीमीटर चुकली तर माणूस आठवडाभर अंथरुणात पडतो मामा. आणि तुम्ही नखावर?"

मामांनी सहा उंच स्क्रू काचेवर वेगळे केले.

"रडत बसायला वेळ नाही," ती म्हणाली. "आता काय करायचं ते सांगा. तिसरी किती तग धरेल?"

"लांब स्क्रू निघालेत, म्हणजे दाब गेला. आता ती आहे तशी राहील, का आणखी बिघडेल, ते नाही सांगता येत. नवी बसवून पेटी चालू करायची. तिघींकडून वाचून पेटी चौथीत सगळं भरते. एक दिवस, दीड दिवस. तेवढा वेळ तिसरीनं बोलत राहायला हवं. आणि त्या दीड दिवसात एकही डिस्क ट्रेमध्ये हलता कामा नये. ढिली राहिली की थरथरते, आजारीला ते पुरेसं आहे. म्हणजे सोळाच्या सोळा स्क्रू खरे पाहिजेत. दहा आहेत. सहा कमी."

"हेच घासून आखूड केले तर?"

"घासलं की टोकाचा आटा बिघडतो, मग तो भोकातले आटे ओरबाडतो. आणि लोखंडाचा भुगा. नको."

मामांनी ती बरणी टेबलावर ओतली. एकोणीस स्क्रू निघाले. या जातीचा स्क्रू मुळातच दुर्मीळ. बसकं डोकं बहुतेक बारीक आट्याच्या स्क्रूला असतं, तो या भोकात नुसता गरागरा फिरतो. जाड आट्याच्या स्क्रूला घुमटाचं डोकं, तो खणात अडतो. जाड आटा, बसकं डोकं आणि पाचची लांबी, हे तिन्ही एका अंगावर क्वचित सापडतं. त्यांनी सवयीनं पहिला स्क्रू उचलला आणि अंगठा पुढं केला. मग हात तिथंच थांबला.

ताईनं पिशवीची चेन उघडली आणि एक लांबट लाकडी डबी काढली. आत तिच्या वडिलांचा व्हर्निअर होता, पोलादी मापक, धरून धरून दांडा गुळगुळीत झालेला. तिनं हात पुढं केला.

"द्या इकडं."

मामा एकेक स्क्रू देत गेले, ती मापकाच्या दोन जबड्यांत धरून वाचत गेली.

"सात. सात. सहा पॉइंट नऊ. पाच. सात."

रोग्यासमोर डॉक्टरानं तपासणीचा कागद वाचावा तसे मामा ऐकत होते. एकोणीसमधले पंधरा सातचे निघाले. चार पाचचे.

"अजून दोन," ताई म्हणाली.

मामा शिडी लावून जिन्यामागच्या पोटमाळ्यावर चढले. बंद पडलेल्या एका कचेरीतनं आणलेले जुने ट्रे तिथं धुळीत पडले होते, गंजलेले, म्हणून आजवर कुणी हात लावला नव्हता. सात खाली आणले. पाच ट्रेंचे स्क्रू आधीच कुणीतरी काढून नेलेले. सहाव्यातला एक सहज निघाला, ताईनं मोजला, पाच भरला. सातव्यात एकच होता, पण त्याच्या डोक्यावरची खाच पार झिजून गेलेली, स्क्रूड्रायव्हर टेकवला की सटकायचा. मामांनी सोल्डरिंगची सळई तापवली, डोक्यावर टेकवून शंभर अंक मोजले, थंड होऊ दिलं. जागचा हलेना. पुन्हा तापवली. तिसऱ्यांदा कट्ट असा बारीक आवाज झाला आणि गंजानं पकड सोडली. खाच बारीक करवतीनं खोल केली, भुगा ओल्या फडक्यानं पुसला, तेलाच्या बोटानं स्क्रू फिरवून फिरवून साफ केला. ताईनं मोजला.

"पाच."

"पुन्हा मोजा."

तिनं पुन्हा मोजला. पाचच.

बसवायचं कामही तिनंच केलं. मामा म्हणाले, "तुमचा हात जड नाही." तिनं पुढचा स्क्रू लावला.

पेटी तिच्या कारखान्यातच लावायचं ठरलं, कारण दीड दिवस तिला कुणी हलवायला नको होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दुकान उघडलंच नाही, सरळ तिकडं गेले. लांबट खोली, खिडकीखाली कामाचं टेबल, त्याच्यावर अर्धवट कापलेल्या वाट्या. फळीवर पावलं ओळीनं मांडलेली, लहान, मोठी, काही बुटात घातलेली. जिथं पूर्वी साचे होते तिथं आता कमरेएवढ्या उंचीचे दोन आडवे नळ आणि त्यांच्या टोकाला मोठा आरसा. माणूस दोन नळ धरून आरशातल्या स्वतःकडं चालत जातो. त्या रिकाम्या जागेकडं मामांना नीट बघवेना.

पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडा होता, एकेचाळीस टक्के.

नळांपाशी एक बस कंडक्टर आपला पट्टा सैल करून घेत होता. त्याला पेटीचं कळलं होतं.

"ताई, माझा पाय आहे ना आत सुखरूप?"

"बघतेय."

"नाहीतर मी आपला एका पायावर तिकिटं फाडतो. निम्म्या पगारात." तो हसला, आणि कुणी हसलं नाही म्हणून त्यानंही आवरतं घेतलं. जाताना मामांना म्हणाला, "तुम्ही इंजिनियर का?"

"नाही," मामा म्हणाले. "मी स्क्रू दिले होते."

दुपारी आकडा सदुसष्टवर अडकला. तिसरी टकटक करायला लागली. ताई हातातली वाटी खाली ठेवून पेटीपाशी येऊन उभी राहिली. दोघंही हात न लावता नुसती ऐकत होती. टक, टक, मग बराच वेळ काही नाही. मग घरघर. आकडा अडुसष्ट झाला. असं संध्याकाळपर्यंत तीन वेळा झालं. मामा रात्री घरी गेले आणि सकाळी परत आले.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला शंभर झालं. पेटीनं सांगितलं, काम पुरं झालं, पण काही फायली वाचता आल्या नाहीत. खाली यादी होती. ताईनं ती कागदावर उतरवून घेतली, एकेक नाव बोटानं धरून. एक्केचाळीस माणसं.

"यातले सतरा गेलेले आहेत," ती म्हणाली. "त्यांना लागणार नाही. वीस जणांना बोलवेन, पुन्हा माप घेईन. तिघांचा पत्ताच नाही." बोट एका नावावर थांबलं. "ही चौथ्या वर्षी आली होती. आता पंधराची आहे. दरवर्षीचं माप होतं. पाय कुठल्या बाजूनं वाढतो, किती वाढतो, ते बघून पुढची वाटी करायचो. आजचं माप घेता येईल. चौथ्या वर्षीचं कुठनं आणू?"

मामा स्टुलावर बसले होते. गिऱ्हाईक पाय बसवून घ्यायला बसतं त्या स्टुलावर.

"ताई, मला जे करता येईल…"

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी जन्मभर माझ्या हाताला बोल लावला असता," ती म्हणाली. "ते झालं नाही, हे बरं झालं. पण राग गेला असं म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? जाईल तेव्हा जाईल." तिनं कागदाची घडी घातली. "आठशे एकोणसाठ आहेत. आज दुसरी पेटी आणते. इथलं तिथंही ठेवेन. ते मी आधीच करायला हवं होतं. साचे फोडले त्याच दिवशी."

मामा उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "त्या पोरीची आई कधी येणार?"

"सोमवारी."

"मी येतो. मी सांगतो तिला, कशानं गेलं ते."

ताईनं त्यांच्याकडं बघितलं. "या," ती म्हणाली.

तिथनं मामा घरी गेले नाहीत. घरचीनं विचारलेला प्रश्न अजून शिल्लक होता. त्या बरणीतनं सात जणांना स्क्रू गेले होते, तोंडं सगळी आठवत होती. पाच साधे कॉम्प्युटरवाले. त्यांच्या डिस्क पत्र्याच्या जाड चौकटीत बसतात, तिथं दोन मिलीमीटर जास्त असले तरी टोक तळापर्यंत जात नाही. तरीही गेले आणि बघून आले. उरलेले दोघं पेटीवाले. एक शिक्षक, त्याच्या पेटीत सगळे स्क्रू ठेंगणे निघाले. दुसरा फोटो स्टुडिओवाला. त्याच्याकडं तीन उंच निघाले, तिन्ही अजून तळाला टेकले नव्हते, कारण त्यानं आळसानं ते पूर्ण पिळलेच नव्हते आणि अडणारा ट्रे तसाच ढकलून बसवला होता. मामांनी बदलून दिले. स्टुडिओवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यांची खरडपट्टी काढली. मामा खाली मान घालून ऐकत राहिले, मग म्हणाले, "आता पूर्ण आवळा. हे खरे आहेत."

सोमवारी ते त्या पोरीच्या आईला भेटले. बाईनं ऐकून घेतलं आणि ताईकडं बघितलं. पोरगी म्हणाली, "मग आता माझा नवीन पाय उशिरा होणार का?" ताई म्हणाली, "थोडा." पोरगी नळांकडं निघून गेली.

मंगळवारी दुकान उघडलं. मामांनी नवा व्हर्निअर आणला होता, त्याचा तेलकट कागद अजून तसाच होता. नख उगवल्यानंतर निवडलेल्या बरण्या एका बाजूला काढल्या. अकरा निघाल्या. पहिली ओतली आणि मोजायला बसले. यंत्राची सवय नव्हती, जबडे कधी घट्ट व्हायचे, कधी सैल, एका स्क्रूला पूर्वीच्या वीस स्क्रूंचा वेळ जात होता. घरची डबा घेऊन आली तेव्हा पहिली बरणीही निम्मी झाली नव्हती. तिनं बघितलं आणि डबा बाजूला ठेवून दिला. तेवढ्यात एक जण चष्म्याची दांडी हातात घेऊन आला. बिजागरीचा स्क्रू आतच मोडला होता, आणि त्याला चष्म्याशिवाय समोरचं काही दिसत नव्हतं.

"होईल का मामा? की नवीनच घेऊ?"

"बसा," मामा म्हणाले. "त्या डब्यावर नको, इकडं बसा."

त्यांनी दिवा खाली ओढला, दांडी चिमट्यात धरली आणि मोडलेला तुकडा काढायला घेतला.